वागळे इस्टेटच्या गाळ्यात विमान : घरगुती अल्ट्रालाइट कुणी बनवलंय का?

गाळा_२१४
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

राहायला ठाण्यात, आणि वागळे इस्टेटला दुसऱ्या मजल्यावर छोटा गाळा आहे. पॅनल बॉक्स, डक्टिंग, पत्र्याची किरकोळ कामं. गेल्या वर्षी एक मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि अर्धा गाळा रिकामा झाला. त्याच सुमारास एका रात्री अमेरिकेतल्या लोकांनी गॅरेजात बनवलेल्या एक-आसनी विमानांचे व्हिडिओ बघायला बसलो, तो अजून उठलेलो नाही.

तिकडे 'पार्ट १०३' नावाचा नियम आहे, १९८२ पासूनचा. एकच माणूस बसणार, रिकामं विमान २५४ पौंडांच्या आत म्हणजे ११५ किलो, टाकीत ५ गॅलन म्हणजे जेमतेम १९ लिटर पेट्रोल, आणि वेग ५५ नॉटच्या वर नाही, म्हणजे ताशी शंभरेक किलोमीटर. एवढं पाळलं की लायसन्स नको आणि नोंदणीही नको. ११५ किलो हो! माझी स्प्लेंडर साधारण तेवढीच भरते.

अफोर्डाप्लेनसारखी डिझाइनं तर चौकोनी नळ्या, गसेट (सांध्यावरच्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि बोल्ट यांवरच उभी आहेत. नळी कापणं, भोकं पाडणं, रिव्हेट मारणं हे माझं रोजचंच. तर विचारायचं असं, की आपल्या बाजारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या चालतील का? इंजिन कुठलं घालावं? आणि बनवलंच तर उडवायचं कुठे? हा तिसरा प्रश्न बायकोने विचारला. चौथाही तिनेच विचारला, तो इथे लिहीत नाही.

बाकरवडी
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. सोसायटीत पार्किंग कुठलं घेणार? तीन चाकं म्हणजे रिक्षाच्या रांगेत.

ऐरोलीकर
कॅप्टन अमोल यादव आठवा की! कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान जोडलं त्यांनी. २०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीला मेक इन इंडिया सप्ताहात ठेवलं होतं, मी मुलाला घेऊन बघून आलो. २०१७ मध्ये नोंदणीही झाली, व्हीटी-एनएमडी. म्हणजे आपल्याकडे होऊ शकतं. लढा!

बिनपंखी
@ऐरोलीकर, ते सहा आसनी विमान, आणि बनवणारा माणूस व्यावसायिक वैमानिक. इथे साहेबांना स्प्लेंडरच्या वजनाचं खेळणं हवंय. आणि गच्चीपासून नोंदणीच्या कागदापर्यंत किती वर्षं गेली, किती चपला झिजल्या, तेही सांगा.

चौपाटीकर
१८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं तेव्हा कुठला डीजीसीए (विमानांचं सरकारी नियामक खातं) होता? राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. पण आपल्याला आपल्याच माणसाचं कौतुक नाही.

बिनपंखी
आले! दहाव्या प्रतिसादाच्या आत तळपदे येणार अशी मी घरात पैज लावली होती. चौपाटीकर, त्या काळात मुंबईत बसून एखाद्याने विमानाचा ध्यास घेतला, याचं कौतुक मलाही आहे. पण ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी त्यांचं नाव जोडतात, ते १९७४ मध्ये बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी तपासलं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे या बिचाऱ्याला नळी कुठली घ्यायची ते सांगा.

जुना_एएमई
विमान देखभालीत चौतीस वर्षं काढली, आता नातवंडं सांभाळतो. गाळेवाले, तुमचा उत्साह आवडला, म्हणून आधी घाबरवतो.

खिडकीच्या स्लायडिंगला लागतं ते ॲल्युमिनियम वापरू नका. ते ६०६३. त्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो ती, टी-५ मध्ये १४५ मेगापास्कलच्या आसपास. विमानाच्या नकाशात लिहिलेलं असतं ६०६१-टी६, ते पावणेतीनशेला जातं. दिसायला दोन्ही सारखीच चकचकीत. हातात घेऊन फरक कळत नाही, कळतो तो हवेत.

दुसरं म्हणजे वेल्डिंगचा मोह. "आर्गनने मारून टाकू" असं तुमचा कारागीर म्हणणारच. टी-६ ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्ड मारला की सांध्याच्या आजूबाजूची ती ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणूनच ही डिझाइनं गसेट आणि बोल्टवर आहेत. बनवणाऱ्याला वेल्डिंग येत नव्हतं म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट बोल्टची, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे. कंटाळा आला तर झोपा. बोल्टला दोन भाग असतात, गुळगुळीत दांडा आणि आटे. भार दांड्यावर आला पाहिजे, आट्यांवर नाही. आटे भोकात बसले तर ते कानशीसारखे भोक खात जातात. त्यामुळे प्रत्येक जागी, किती जाडी आवळायची ते मोजून त्या लांबीचा दांडा असलेला बोल्ट घ्यायचा. नागदेवी स्ट्रीटला ८.८ ग्रेडचे चांगले बोल्ट मिळतात, पण दुकानदार पूर्ण आट्यांचे पुढे करतो, कारण तेच खपतात. दोन पैसे जास्त गेले तरी दांड्याचेच मागा. जिथे सांधा फिरतो तिथे नायलॉक नट नाही, खाचेचा नट आणि स्प्लिट पिन. एकदा रात्रपाळीत एका कंट्रोलच्या सांध्याला हात लावला आणि नट बोटांनी फिरला. पिन घातलेलीच नव्हती. आधीच्या पाळीने सही मात्र केली होती. त्या रात्री मी चहा प्यायलो नाही.

सेक्शनवाला_तुर्भे
एएमई काकांच्या नळीच्या मुद्द्यात थोडी भर. बाजारात गेल्यावर कुणी ६०६१ वगैरे बोलत नाही. आमच्याकडे जुनी नावं चालतात. एचई-९ म्हणजे ६०६३, खिडकीवालं. एचई-२० म्हणजे ६०६१, ते नळीत सहज मिळत नाही. एचई-३० म्हणजे ६०८२, हे मिळतं, आणि 'डब्ल्यूपी' कंडिशनमध्ये म्हणजे टी-६ मध्ये घेतलं तर ६०६१ च्या अगदी जवळ जातं. टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, मागा. टीसीवरचा हीट नंबर आणि नळीवरचा मार्क जुळतो का ते बघा. कुणी म्हणालं "साहेब, तेच आहे, डोळे मिटून न्या", तर डोळे उघडे ठेवून परत या. आमच्याकडे वेबस्टरचा हार्डनेस पक्कड आहे, नळी चिमटीत धरली की आकडा दाखवतो. कधीही या, पैसे नाही घेणार.

गाळा_२१४
@जुना_एएमई काका, @सेक्शनवाला दादा, दोघांनाही साष्टांग. मी खरंच एचई-९ उचलणार होतो, गाळ्यात पडून होती म्हणून.

शिलाई_मशीन
कापडाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी. माझं नवी मुंबईत ताडपत्री, ऑनिंग, गच्चीवरची छतं शिवायचं काम आहे. विमानातलं मला काही कळत नाही, पण उन्हात कापडाचं काय होतं ते रोज बघते.

नायलॉन घेऊ नका, रिपस्टॉप असलं तरी. पावसाळ्यात ओल पितं आणि सैल पडतं, उन्हात लवकर जातं. पॉलिएस्टर घ्या. धागाही पॉलिएस्टरचाच. सुती धागा आधी कुजतो, मग छान कापड टाक्यांच्या रेषेवर फाटतं आणि गिऱ्हाईक म्हणतं तुमचं कापड खराब. दोन वर्षांपूर्वी खाडीच्या बाजूच्या एका गच्चीचं छत मी बोटाने भोसकलं होतं, वरून अगदी नवं दिसत होतं.

तुमचे व्हिडिओ मीही बघितले काल. ते इस्त्रीने कापड ताणून घेतात ना, ते पॉलिएस्टरच आकसतं. इस्त्रीच्या चकतीवर भरवसा ठेवू नका. थर्मामीटर लावून खुणा करून घ्या, नाहीतर एकीकडे ढगळ आणि एकीकडे फाशी.

जुना_एएमई
ताई, शंभर टक्के. तुम्ही बोटाने भोसकलंत ना, तिकडे मायक्रोलाइटवाले (छोट्या हलक्या विमानांचे लोक) तेच एका छोट्या उपकरणाने करतात, ठरावीक जोर लावून. कापडाने दम सोडला तर विमान जमिनीवर. रंग ताजा आहे म्हणून कापड ताजं असं नसतं.

घोडबंदरचा_घोडा
एवढी चर्चा कशाला? मुरबाडला मामाची दहा एकर जमीन आहे. दिवाळीनंतर भात कापलं की मोकळं रान. ट्रकने न्या, सकाळी सहाला उडवा, आठला झाकून ठेवा. कोण बघतंय?

मुरबाडकर
मी बघतोय की! घोडेराव, भात खाचरात घेतात हे माहीत आहे का? खाचराला बांध असतात. मामांच्या शेतात दर चाळीस पावलांवर बांध सापडेल. विमानाला धावायला निदान दोन-तीनशे फूट लागत असतील. पहिल्याच बांधाला चाकं शेतात आणि विमान मामांच्या पडवीत.

कायद्याचं_बोला
घोडबंदरसाहेबांसाठी. पार्ट १०३ अमेरिकेत. आपल्याकडे तशी "हलकं आहे, जाऊ द्या" अशी सूट नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी यातून ११५ किलोवालाही सुटत नाही. मायक्रोलाइट आणि पॉवर्ड हँग ग्लायडर यांचे डीजीसीएचे नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा. बनवायला सुरुवात करण्याआधी वाचा, नंतर नाही.

शिवाय मुंबईचे पोलीस आयुक्तालय ठरावीक काळाने जो मनाई आदेश काढतं, तो नीट वाचला तर त्यात ड्रोनबरोबर पॅराग्लायडर, रिमोटवरची मायक्रोलाइट, हॉट एअर बलून अशी सगळी जंत्री असते. आणि आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. म्हणजे ठाणे-पनवेल पट्ट्यावरचं आकाश दोन बाजूंनी भरलेलं. तिथे तुम्ही पत्र्याची होडी घेऊन जाणार?

ऐरोलीकर
नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे ना, मलंगगड रस्त्याला? ती पडूनच आहे.

मुरबाडकर
@ऐरोलीकर, ती 'पडून' नाही. तिच्यावरून नौदल आणि शेतकरी यांचा वाद आहे, जून २०१७ मध्ये तिथे गाड्या जळल्या होत्या. तिथे विमान नेलंत तर दोन्ही बाजू एकत्र येऊन तुम्हालाच चोपतील. ह. घ्या.

घोडबंदरचा_घोडा
सगळे घाबरट. राइट बंधूंनी कुणाला विचारलं होतं?

गणित_मास्तरीण
राइट बंधूंनी कुणाला विचारलं नाही, पण त्यांनी स्वतः बनवलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने धरून मोजले होते. मग १२ अश्वशक्तीचं इंजिन, १२ सेकंद आणि १२० फूट. १७ डिसेंबर १९०३. मोजमाप आधी, हिंमत नंतर.

थोडं गणित करू. कंटाळा येईल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं. माणूस, पेट्रोल, विमान सगळं मिळून २५० किलो धरा. पंखांचं क्षेत्रफळ १४ चौरस मीटर. पंखाचा लिफ्टचा (वर उचलणाऱ्या जोराचा) गुणांक जास्तीत जास्त दीड धरा. हवेची घनता १.२२५. मांडलं की कमीत कमी वेग येतो सेकंदाला १३.८ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. घोडबंदर रोडवर रात्री अकरानंतर स्कूटर जाते तेवढाच. याच्या खाली गेलात की पंख हवा सोडतो आणि विमान पडतं. 'सावकाश चालवा' हा सल्ला विमानात उलटा लागू होतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

आता गंमत बघा. वजन २५० चं ३०० झालं तर हाच वेग ५० वरून जवळपास ५५ होतो. वर्गमूळ असतं ना. म्हणून थोडं वजन वाढलं तर आभाळ कोसळत नाही, पण प्रत्येक जण 'थोडंच' वाढवतो. इथे एक ब्रॅकेट, तिथे एक कुशन.

बाकरवडी
मास्तरीणबाई, माझं स्वतःचं 'थोडंच' गेल्या दिवाळीपासून नऊ किलो आहे.

स्पॅनर_१३
इंजिनाचं कुणीच बोलेना. माझं मत: नॅनोचं इंजिन. दोन सिलिंडर, ६२४ सीसी, ३५ च्या वर अश्वशक्ती, भंगारात मिळतं, पार्ट्स कुठेही. रोटॅक्स ९१२ नवीन घ्यायला गेलात तर त्या पैशात एक बरी मोटारगाडी दारात येते.

माजी_कॅडेट
नॅनोचं इंजिन पाच-साडेपाच हजार आरपीएमला पूर्ण ताकद देतं. दीड मीटरचा पंखा थेट त्या वेगाने फिरवला तर पात्याचं टोक सेकंदाला चारशे मीटरच्या वर जाईल, म्हणजे आवाजाच्याही पुढे. आवाज भयंकर, ओढ काहीच नाही. पंख्याला अडीच हजारच्या आत ठेवायचं, म्हणजे मधे रिडक्शन आलं. बेल्ट किंवा गिअर. दोन सिलिंडरचे झटके त्या रिडक्शनला रोज हातोडी मारतात. ते जमवायचं तर वजन वाढतं, आणि मग मास्तरीणबाईंचं वर्गमूळ.

गाडीचं इंजिन दिवसभर पाव ताकदीवर चालतं. विमानात त्याला तासभर ७० टक्क्यांवर चालायचं असतं, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये सतत चढल्यासारखं. टू-स्ट्रोक रोटॅक्स ५०३ हलकं आहे, ५० अश्वशक्ती, पण टू-स्ट्रोकची मर्जी. तेलाचं प्रमाण चुकलं, मिश्रण पातळ झालं की पिस्टन जाम. लुना जाम झाली की आपण ढकलत आणतो. इथे ढकलणार कुठे?

अवांतर: एनसीसी एअर विंगमध्ये असताना झेनेअर सीएच-७०१ मध्ये दोनदा बसलोय. पंखाच्या पुढच्या कडेला मधे फट ठेवून कायमच्या पट्ट्या असतात, स्लॅट. त्यामुळे इतक्या कमी जागेत उठतं की पोट धावपट्टीवरच राहिल्यासारखं वाटतं. इन्स्ट्रक्टर सर दर वेळी वर चढताना विचारायचे, "आत्ता इंजिन बंद पडलं तर?" मी पहिल्यांदा म्हणालो, "सर, मागे वळून धावपट्टीवर." त्यांनी हेल्मेटवर टपली मारली. कमी उंचीवर मागे वळायला गेलेले बरेच जण वळता वळताच गेलेत. समोर जे मिळेल तिथे उतरायचं, नाक खाली ठेवून. वागळे इस्टेटच्या समोर काय मिळेल ते ज्याने त्याने बघावं.

चौपाटीकर
तळपद्यांचं विमान पाऱ्यावर चालत होतं. रिडक्शनची भानगडच नाही.

बिनपंखी
🙏

पायाखाली_वारा
मी खारघरची. चार वर्षं कामशेतला पॅराग्लायडिंग करते. गाळेवाले दादा, एक प्रेमाचा सल्ला. विमान बनवताय, बनवा. पण त्याच्या आधी उडायला शिका. कामशेतचा प्राथमिक कोर्स घ्या. पहिले दिवस तुम्ही उडणार नाही, मैदानात उभं राहून पंख डोक्यावर धरायला शिकाल. दुपारी वारा समुद्राकडून वळतो तेव्हा तोच पंख तुम्हाला गवतातून फरफटत नेतो. कोपर सोलून निघतं. त्यानंतर कुठल्याही टेकडीकडे बघताना तिच्यावरून हवा कुठे चढत असेल आणि कुठे पडत असेल ते आपोआप दिसायला लागतं. ते कुठल्याच नकाशात लिहिलेलं नसतं.

आणि स्वतः बनवलेलं विमान स्वतःच्या पहिल्या शिकाऊ उड्डाणासाठी वापरू नका. दोन नवशिके एका वेळी हवेत नकोत, एक तुम्ही आणि एक ते.

जुना_एएमई
वरचा परिच्छेद फ्रेम करून गाळ्यात लावा.

याच हौसेचा एक जुना दाखला देतो. फ्रान्समध्ये आँरी मिन्ये नावाचा हौशी गृहस्थ होता. १९३३ मध्ये त्याने एक इवलंसं विमान काढलं, एचएम-१४, टोपणनाव 'आकाशातली पिसू'. म्हणाला, ज्याला पेटी ठोकता येते त्याला हे बनवता येईल. लोक वेडे झाले, इंग्लंड-फ्रान्समध्ये गावोगाव पिसवा तयार झाल्या. मग एकामागून एक माणसं मरायला लागली. विमान नाक खाली करून सूर मारायचं आणि वर येईचना. शेवटी दोन्ही देशांनी वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात अख्खं विमान धरून बघितलं, तर एका मर्यादेनंतर पुढचा पंख फिरवूनही नाक उचललं जात नव्हतं. मग बंदी आली. ज्या लोकांनी पेट्या ठोकल्या त्यांचं ठोकणं चांगलंच होतं हो. चूक नकाशात होती. म्हणून डिझाइन असं घ्या, की जे शेकडो जणांनी उडवलंय. आणि त्यात स्वतःची अक्कल घालू नका.

गाळा_२१४
सगळ्यांचे आभार. चार रात्री जागून सगळं वाचलं. ठरवलंय असं: पूर्ण विमानाचं नाव काढायचं नाही. फक्त एक पंख बनवायचा, नकाशाबरहुकूम, आणि वाळूच्या गोण्या ठेवून तपासायचा. कागदपत्रांचं काम एकीकडे सुरू करतो. कामशेतचे पैसे भरले. बायको म्हणाली, "हे बरं, निदान तिथे कुणीतरी शिकवणारं आहे."

ऐरोलीकर
शाब्बास! पु. ले. शु.

गाळा_२१४
धागा वर काढतोय. पाच महिने झाले. पंख झाला.

लांबी ४.६ मीटर, रुंदी दीड. सेक्शनवाल्या दादांकडे नळ्या नेल्या होत्या, वेबस्टरने आठातल्या दोन बाद केल्या. बाद झालेल्या दोन्ही त्याच दुकानातल्या, जिथे टीसीची झेरॉक्स मिळाली होती. कापड अजून चढवलं नाही.

परवा रविवारी भार तपासला. पंख उलटा टांगला, म्हणजे गोण्यांचं वजन ज्या दिशेला ओढतं ती उडताना लिफ्टची दिशा होते. मुळाशी आणि स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) टोकाला अँगलच्या मांडवाला पक्का. मास्तरीणबाईंच्या हिशेबाने २५० मधून पंखांचं वजन वजा करून २२०, म्हणजे एका पंखाला १ जीला (म्हणजे सरळ उडताना) ११० किलो. चार जीपर्यंत ४४०. दहा-दहा किलोच्या पिशव्या शिवून घेतल्या (शिलाई ताईंनी करून दिल्या, पैसे घेतले नाहीत, तिळाच्या वड्या मात्र घेतल्या). मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी अशा रचल्या. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून फूटपट्टीने वाक मोजत गेलो.

१ जी, काही नाही. २ जीला १८ मिमी वाक, पिशव्या काढल्या तर शून्यावर परत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ३ जीला शेवटची पिशवी ठेवली आणि टक्. फार मोठा आवाज नव्हता, कुणी डबा उघडावा तेवढा. पण सगळा गाळा गप्प झाला. पिशव्या उतरवल्या, दोरा लावला, ४ मिमी वाक तसाच राहिला.

मागच्या स्ट्रटच्या फिटिंगची प्लेट काढून बघितली. ६ मिमीचं भोक लांबट झालंय, आणि आत भिंतीवर आट्यांच्या रेघा उमटल्यात, स्पष्ट, नखाला लागतात. काका, तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिला होता. बाकी अठ्ठावीस बोल्ट मी दांड्याचे आणले. शेवटचे दोन कमी पडले, शनिवारची संध्याकाळ होती, खालच्या हार्डवेअरवाल्याकडून पूर्ण आट्यांचे उचलले. म्हटलं, चाचणीपुरते.

जुना_एएमई
गोण्यांखाली कळलं, बरं झालं. ती प्लेट फेकू नका, खिळ्याला टांगा.

भोक मोठं करून ८ चा बोल्ट घालायचा विचार मनात आला असेल. आधी कड मोजा. भोकाच्या मध्यापासून प्लेटच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट तरी पाहिजे. ८ ला १६ मिमी.

गाळा_२१४
मोजलं. १४ आहे. म्हणजे प्लेट नवी.

जुना_एएमई
नवीच. आणि नुसतं ड्रिलने ६ चं भोक पाडू नका. पातळ प्लेटमध्ये ड्रिल गोल भोक पाडत नाही, ते तीन कोपऱ्यांचं होतं. ५.८ ने पाडा, मग ६ चा रीमर (भोक गोल आणि अचूक करायचं हत्यार). पंखातली जोडीची भोकंही भिंगाने बघा. त्यांनाही रेघा असतील तर सांगा, मग वेगळं बोलू.

गणित_मास्तरीण
२ जीला १८ मिमी आला तर ३ जीला २७ च्या आसपास यायला हवा होता. टक् व्हायच्या आधी किती होता? सरळ रेषेत होता की आधीच वाकडा चालला होता?

गाळा_२१४
बाई, ते मोजायच्या आतच टक् झालं. पुढच्या वेळी प्रत्येक पिशवीला आकडा लिहीन.

बाकरवडी
मूळ प्रश्न राहिलाच की. गाळा दुसऱ्या मजल्यावर, पंख ४.६ मीटर. खाली कसा आणणार? मालाची लिफ्ट केवढी आहे?

गाळा_२१४
…

गाळा_२१४
आत्ता मोजून आलो. लिफ्ट १.८ बाय २.१. जिन्याच्या वळणावर अडकतो. मागची खिडकी ग्रिल काढली तर दीड मीटर आणि वर पंधरा सेंटिमीटर. जातो. दोराने उतरवावा लागेल, पियानो उतरवतात तसा.

स्पॅनर_१३
त्या दिवशी मला बोलवा. खालून व्हिडिओ काढायला नको, दोर धरायला.

घोडबंदरचा_घोडा
मीही येतो. तो मामांचा विषय सोडा, पण हातात जोर आहे.

गाळा_२१४
या दोघंही. त्याआधी, ६ मिमीचा हँड रीमर कुणाकडे आहे का, एका दिवसापुरता? आमच्याकडे पत्र्याची कामं, रीमर कधी लागलाच नाही.

सेक्शनवाला_तुर्भे
माझ्या भावाकडे रबाळेला आहे. शनिवारी दोनच्या आत या, नंतर शटर बंद. आणि काढताना उलटा फिरवू नका, धार जाते. गेल्या वेळी एकाने तेच केलं होतं.